आमच्या बालाघाटात ज्वालामुखी नाही

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते घराचा पत्ता विचारत येतात! इतिहासवाल्याला कोणी चौकात थांबवून विचारत नाही की अकबर सध्या काय करतो. मला मात्र भाजीबाजारात मेथी निवडताना बाई विचारते, "मॅडम, बारिश कब तक है?" जसं काही ढग माझ्या सहीनं सुटतात.

मी बालाघाटच्या एका शाळेत केस काळे होते तेव्हापासून भूगोल शिकवते. स्टाफरूममध्ये खिडकीजवळचं टेबल आमचं. बाकीची स्टाफरूम हिंदीत बोलते, आमचं टेबल मराठीत भांडतं. टेबलाला माणसं तीन. एक मी, वंदना. दुसरे केमिस्ट्रीचे बोरकर सर, ज्यांचा आवाज मोठा झालेला मी एकदाच ऐकला, तो किस्सा पुढे येतोच. तिसऱ्या होम सायन्सच्या सुनंदाताई. मूळच्या लांजीच्या, वयानं मोठ्या, हाताला चव आणि जिभेला धार. नवरा लवकर गेला, लेक एकच, पल्लवी. तिला एकटीनं वाढवलं आणि नर्स केलं.

आता गंमत बघा. बालाघाटात ज्वालामुखी नाही. बैहरच्या पठारावर काळा दगड सापडतो तो जुना लाव्हाच आहे, पण तो थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. जागृत म्हणाल तर जवळपास कुठेच नाही. सगळ्या भारतात एकच, तोही अंदमानकडे भर समुद्रात, बॅरन बेटावर. इतका सोपा विषय! तरी आमच्या टेबलावरचे निम्मे किस्से ज्वालामुखीचेच.

* * *

सहामाहीला नकाशा दिला होता. "भारतातील जागृत ज्वालामुखी दाखवा." एका पोरानं बैहरवर छानसा त्रिकोण काढला, वरून धुराच्या तीन रेघा सोडल्या आणि खाली नाव लिहिलं. मी शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी बाप हजर. खाकी वर्दी, बैहरकडच्या जंगलात बीट गार्ड.

"मॅडम, लड़के ने झूठ नहीं लिखा. धुआँ है वहाँ. मैंने खुद उसको दिखाया है."

"कब?"

"हर साल उठता है. महुए के टाइम पर."

आता आमच्याकडे कोणालाही माहीत आहे की मोहाची फुलं गळायला लागली की लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन साफ झाली की फुलं वेचायला सोपं जातं. आणि कधी कधी ती आग झाडाखालून निघून डोंगरभर फिरून येते.

मी विचारलं, "अच्छा! किसकी बीट में उठता है ये धुआँ?"

साहेब अडकले! कारण जंगल ज्याच्या बीटमध्ये जळतं, जाब त्यालाच विचारतात. त्यानं नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून पुन्हा घातली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, ज़ीरो ठीक है. लेकिन वो ज्वालामुखी ही रहने दीजिए."

* * *

एका रविवारी सगळ्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला. "लांजी रोड पर ज्वालामुखी निकला!" जमिनीतून धूर येतोय, मागून कोणीतरी "हटो, हटो" ओरडतोय. मला दुपारपर्यंत इतके फोन आले की मी जेवण अर्धं टाकून बोरकर सरांच्या स्कूटरवर मागे बसले.

जाऊन बघते तर काय! राइस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचा ढीग, दोन माणसं उंच. कोणीतरी विडी टाकली असेल. कोंडा वरून शांत दिसतो आणि आतल्या आत महिना महिना धुमसत राहतो, हे धानाच्या मुलखात लहान पोराला कळतं. पण व्हिडिओत ढिगाचं फक्त टोक होतं, मिल नव्हती!

लोक मात्र जत्रेसारखे जमलेले. एकानं गरम राखेत रताळी भाजायला घातली होती. एकानं चहाची टपरी टाकली होती. खैरलांजीहून एक कुटुंब मोटरसायकलवर लेकराबाळांसकट आलं होतं, येताना डबा घेऊन.

मी तिथेच एका ओंडक्यावर उभी राहून समजावलं. जमिनीखाली इथे काही नाही, ज्वालामुखी असा कुठेही उगवत नाही, घरी जा. माझी सवयच आहे, चार माणसं दिसली की मी शिकवायला लागते. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि चेहरे उतरले. खैरलांजीच्या बाईनं डबा पुन्हा बांधला.

चहावाले काका माझ्याकडे रागानं बघत होते. म्हणाले, "काहून आल्या जी मॅडम तुमी? हप्ताभर थांबून सांगतलं असतं तं काय लाव्हा वाहून चालला होता?"

बोरकर सरांनी दोघांचा चहा सांगितला. भरपाई म्हणून!

* * *

आता तो आवाज मोठा झालेला दिवस.

शाळेत विज्ञान प्रदर्शन. बोरकर सरांनी गणपती करणाऱ्या मूर्तिकाराकडून मातीचा ज्वालामुखी बनवून घेतला. काय देखणा! डोंगराला खाचा, खाली छोटी छोटी घरं, वर तोंड. तोंडात खायचा सोडा भरलेला. पाहुणे येणार, रिबन कापणार, लाल रंगाचं व्हिनेगर ओतणार, की फसफसून लाव्हा बाहेर. तालीम झालेली. सर सकाळपासून त्याच्याजवळून हलले नव्हते. गेटवर पाहुण्यांना आणायला म्हणून तेवढे गेले.

तेवढ्यात सुनंदाताई आल्या. पाहून खूशच झाल्या. "अवं माय! कितीक सुंदर झाला! वंदना, याले नजर लागंन."

त्यांच्या घरची एक पद्धत आहे. नवी गाडी असो, नवी शिलाई मशीन असो, लिंबू कापून त्याला कुंकू लावायचं, वस्तूवरून ओवाळायचं आणि दोन थेंब त्या वस्तूवरच पिळायचे. लिंबू होम सायन्सच्या लॅबमध्ये तयारच होतं. आणि वस्तू मोठी, म्हणून ताईंनी दोन थेंबांवर भागवलं नाही. अख्खं पिळलं. थेट तोंडात!

मी "ताई!" म्हणेपर्यंत आतून फस्स झालं. कुंकवानं लाल झालेला फेस उसळून वर आला, डोंगरावरून उतरला, घरं घेतली, टेबलक्लॉथ घेतला आणि रिबनवरून खाली टपकायला लागला. ताई लिंबाची फोड हातात धरून मागे सरकल्या. म्हणाल्या, "पाह्यलं? किती नजर होती याच्यावर!"

दारात बोरकर सर. मागे पाहुणे.

"ताई, ते ॲसिड असते!" सर ओरडले. ओरडले! अख्ख्या हॉलनं वळून पाहिलं.

"ॲसिड? अवं बाप्पा, घरच्या झाडाचं लिंबू हाये!"

पाहुणे मोठे अधिकारी. त्यांनी ओली रिबन कापली, चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "बहुत बढ़िया. तो ये फटेगा कब?"

बोरकर सरांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. म्हणाले, "सर, पिछला विस्फोट अभी-अभी हुआ है. अगले का विज्ञान के पास कोई उत्तर नहीं."

पहिलं बक्षीस मिळालं! पण त्या दिवसापासून आमच्या शाळेत ज्वालामुखी आणि लिंबू एका खोलीत ठेवत नाहीत.

* * *

असं सगळं मजेत चाललं होतं आणि पल्लवीला नोकरी लागली. पोर्ट ब्लेअरला, चांगल्या दवाखान्यात. (त्या गावाचं नाव आता बदललंय, पण आमच्या टेबलावर जुनंच चालतं.) मी पेढ्याची वाट बघत बसलेली, तर ताई टेबलाशी आल्या आणि डबा आपटला.

"तुनंच शिकवलं होतं ना तिले? भारतात जिवंत ज्वालामुखी कुठं हाये?"

"बॅरन बेट," मी म्हणाले. परीक्षेत विचारल्यासारखी!

"बेट कुठं हाये?"

"अंदमानात."

"मंग? साऱ्या देशात एकच हाये अन माझी पोरगी तिथंच चालली. नाही जात ती."

मी पुष्कळ समजावलं. ताई, ते बेट पोर्ट ब्लेअरहून कितीतरी लांब आहे, समुद्रात. तिथे माणूस राहत नाही. कधीकाळी कोणी सोडलेल्या बकऱ्या तेवढ्या आहेत.

"बकऱ्या? पेटत्या डोंगरावर बकऱ्या कोनं सोडल्या?" आणि मग पंधरा मिनिटं बकऱ्यांवरच. त्यांना पाणी कोण देतं, त्या कोणाच्या, इतकी वर्षं कोणाला दया कशी आली नाही.

बोरकर सर मदतीला आले. "ताई, जपानमध्ये तर एवढे ज्वालामुखी आहेत, तरी लोक शेजारी मजेत राहतात. उलट त्या गरम पाण्याच्या झऱ्यात आंघोळी करतात."

"आमच्या घरी गीझर हाये," ताई म्हणाल्या. सर परत पेपर तपासायला लागले.

* * *

मी हार मानणारी नाही. दुसऱ्या दिवशी होम सायन्सच्या लॅबमध्ये गेले. प्रॅक्टिकल चालू होतं, ताई मुलींना करंज्या शिकवत होत्या.

मी विचारलं, "ताई, करंजी तेलात फुटते ती कुठून फुटते?"

"जिथं कड बरोबर दाबली नाही, तिथून."

"मधून?"

"मधातून काहून फुटंन? एखादवेळी पारी पातळ झाली तं मधात भोक पडते, पन ते क्वचित. अन माझी तं कुठूनच फुटत नाही!"

"पृथ्वी तुम्ही नाही केली ना ताई! तिची वरची पारी एकसंध नाही, तुकड्या-तुकड्यांची आहे. तुकड्यांच्या कडा जिथे एकमेकींना भिडतात तिथेच बहुतेक सगळे ज्वालामुखी. म्हणून तर पॅसिफिकच्या चौफेर त्यांची माळ लागली आहे. जपान कडेला, इंडोनेशिया कडेला. हवाईसारखा एखादा मधेच निघतो, तुमच्या त्या पातळ पारीसारखा. आणि आपलं बालाघाट तुकड्याच्या पार आत. म्हणून इथे काही नाही."

मुली करंज्या सोडून ऐकत होत्या. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढं सोपं मी वर्गातही कधी सांगितलं नव्हतं!

ताईंनी झारा खाली ठेवला. "म्हनजे आतापर्यंत मी पोरीले बरोबर मधात ठेवलं होतं. अन आता ती कडेले चालली."

कढईतल्या करंज्या करपल्या.

मधल्या सुट्टीत बोरकर सर हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचा भूगोल बरोबर आहे. पण हे ज्वालामुखीचं नाहीच. पोरगी गेल्यावर ताई संध्याकाळी घरी कोणासोबत बोलतीन?"

मला खूप वाईट वाटलं. मी इतकी बडबडी बाई आणि हे माझ्या लक्षात येऊ नये!

* * *

शेवटी पल्लवीनंच तोड काढली. तीही आईचीच लेक. म्हणाली, "आई, मी जाते. दिवाळीत तू ये, सगळं आपल्या डोळ्यांनी पाह्य. नाही पटलं तं तुझ्यासोबत वापस येते. नोकरी सोडून. वचन."

ताईंनी हौ म्हटलं. आणि पल्लवी गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर दिवाळीचं तिकीट काढलं. जाताना दोन, त्यांचं आणि माझं. "तुनं शिकवलं, तूच दाखव!" येताना तीन.

तिसरं पल्लवीचं! पोरीनं किती मेहनतीनं ही नोकरी मिळवली होती. पण ताईंशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी फोन. "आज धूर?"

"आई, ते इथून दिसतच नाही."

"दिसत नाही म्हनजे नाही का?"

एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही पल्लवीची तब्येत विचारत नाही, जेवण विचारत नाही, रोज त्या ज्वालामुखीचीच चौकशी?"

"तिची तब्येत आवाजावरून समजते मले," ताई म्हणाल्या. "त्याचा आवाज कुठं येते?"

* * *

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. गोंदियाहून रेल्वेनं कोलकाता, तिथून विमान. ताईंच्या पिशवीत एवढ्या करंज्या की अख्ख्या दवाखान्याला पुराव्या. एकही फुटलेली नाही! आणि पर्समध्ये रुमालात बांधलेलं एक लिंबू. विमानतळावरच्या तपासणीत बाईनं विचारलं, "ये किसलिए?" ताई म्हणाल्या, "काम है." बाईनं सोडून दिलं. ताईंच्या त्या आवाजापुढे आमची प्रिन्सिपलही सोडून देते.

पल्लवीनं खोली दाखवली, गॅलरीतली तुळस दाखवली. वॉर्डात नेलं. एका म्हाताऱ्या बाईनं पल्लवीचा हात धरून ठेवला होता, सोडेचना. ताईंनी तिच्या उशाशी करंजी ठेवली आणि बाहेर येऊन पल्लवीची कॉलर सरळ केली. मला आशा वाटली. पण संध्याकाळी पुन्हा तेच, "तो दाखव पह्यले."

मग बोट. लोकांना बॅरन बेटाभोवती फिरवून आणतात, उतरू देत नाहीत. मी जन्मभर समुद्र शिकवलेला, पण समुद्रानं मला कधी पाहिलं नव्हतं. तासाभरात माझी अवस्था अशी झाली की मी रेलिंगला मिठी मारून बसले.

"ताई, तुमच्याजवळ लिंबू आहे ना? द्या, नुसता वास घेते."

"नाही भेटत."

"ताई, मी मरून राह्यली इथं!"

"मर थोडी. ते तुझ्यासाठी नाही हाये."

पल्लवीनं मला गोळी दिली. मी डोळे मिटून पडले ते कोणीतरी "वो देखो!" म्हटल्यावर उठले.

काळं बेट. मधे उघडा, करडा डोंगर. वरून पांढऱ्या धुराची एक बारीकशी रेघ. इतकी वर्षं ज्याला मी खडूचा त्रिकोण काढून दाखवलं, तो समोर होता. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली! बोटीवरचे सगळे मोबाईल काढून उभे.

ताई एकटक बघत होत्या. मग बोटवाल्याला विचारलं, "बकरियाँ कहाँ हैं?"

त्यानं हिरव्या उताराकडे बोट दाखवलं. तपकिरी ठिपके हलत होते, चरत होते.

"मजेत हायेत," ताई म्हणाल्या. "धूर निघून राह्यला अन ह्या चरून राह्यल्या." मग थोड्या वेळानं, "पल्लवी, ते तिसरं तिकीट कॅन्सल होते का वं?"

पल्लवी नुसती आईच्या खांद्याला टेकली.

ताईंनी पर्स उघडली. रुमालाची गाठ सोडली. लिंबू काढलं. चाकू नव्हता म्हणून नखानं साल टोचली आणि हात ज्वालामुखीच्या दिशेनं लांब केला.

आणि मी, एम.ए. भूगोल, इतक्या वर्षांची अनुभवी शिक्षिका, सगळ्या बोटीसमोर झेप घेऊन दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि किंचाळले, "ताई, नका! पिळू नका!"

मोबाईल सगळे माझ्याकडे वळले. पल्लवी रडता रडता हसली. "मॅडम, तुमी बी?"

ताईंनी माझी बोटं एक एक करून सोडवली. लिंबू शांतपणे ज्वालामुखीवरून ओवाळलं आणि अख्खंच समुद्रात टाकलं. मग वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरीला दाखवतात तसं त्या डोंगराला बोट दाखवलं.

"हे पाह्य, पोरगी ठेवून जाऊन राह्यली मी इथं. नीट राहजो."